हॉस्टेलचं वायफाय: रेंज फुल पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही, पूल (पत्त्यांचा साठा) वाढवू का सिग्नलची पॉवर?

लॅबवाला_कराड
नमस्कार मंडळी, मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट, आधीचे नेटवर्कवाले सर गेल्यापासून वायफायपण माझ्याच गळ्यात पडलंय. मुलांचं हॉस्टेल चार मजली, साधारण ३०० मुलं, प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये सीलिंगला चार एपी (वायफायचे ॲक्सेस पॉइंट). ज्याचं एकदा लागलं त्याचं लागतं, पण नवीन फोन घेतला किंवा गणपतीची सुट्टी करून आला की फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' इथेच अडकतो, लॅपटॉपवर बघितलं तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. रेंज मात्र फुल. आणि ज्यांचं लागलंय त्यांचंही रात्री जेवणानंतर रडतखडत चालतं. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) विंडोज सर्व्हरवर, १९२.१६८.१०.० चा /२४ (म्हणजे १९२.१६८.१० ने सुरू होणारे पत्ते), सेटिंग आहे तसंच. प्रत्येक मजल्याला वेगळं वायफाय नाव आहे, पूल एकच. वरून आदेश आलाय की पॉवर वाढवा. २.४ गिगाहर्ट्झवर आधीच २० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आहे. नक्की काय करू?

पिंगमास्तर
पॉवरला आत्ता हात लावू नका, आधी आयपीचं बघू. १६९.२५४ म्हणजे लॅपटॉपने मागितलं, कोणी दिलं नाही, म्हणून स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतला. /२४ मध्ये वापरता येतात २५४. ३०० मुलं, फोन आणि लॅपटॉप धरले तरी ६०० झाले. त्यात विंडोज सर्व्हरचा डीफॉल्ट लीज (आयपी एकाकडे राखून ठेवण्याची मुदत) ८ दिवसांचा, म्हणजे पाव्हणा रविवारी तासभर आला तरी त्याचा आयपी पुढच्या सोमवारपर्यंत अडकला. हॉस्टेलला १२ तास ठेवा, कँटीन आणि ऑडिटोरियमला तास-दोन तास पुरे. फोन अर्धा लीज झाला की स्वतःच रिन्यू करतो, त्यामुळे चालू असलेल्या कोणाचं काही तुटत नाही.

आणि ते मजल्यागणिक वेगळं नाव आजच काढा!! अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावाला वेगळा मॅक (फोनची ओळख सांगणारा नंबर) दाखवतो, म्हणजे एकच पोरगा मेसला उतरताना तीन नावांना लागला की तुमच्या पूलमधून तीन आयपी घेऊन बसतो. सगळीकडे एकच नाव ठेवा.

रेडिओताई
मास्तरांशी सहमत, आता पॉवरचं मी सांगते. आमच्याकडेही कॉरिडॉरमध्येच एपी आहेत आणि ती जागाच वाईट, कारण कॉरिडॉर मोकळा असल्याने एपी एकमेकांना खणखणीत ऐकतात आणि खोलीतला पोरगा मात्र विटांच्या भिंतीपलीकडे. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६, ११. १६ एपी पूर्ण पॉवरवर सोडले की सगळे एकाच हवेत आपली पाळी यायची वाट बघत बसतात. तुमचं रात्रीचं रडतखडत ते हेच असणार.

दुसरं असं की एपी २० डीबीएमने ओरडला तरी फोनची ताकद त्यापेक्षा कमीच असते, एपीचं फोनला ऐकू येतं पण फोनचं एपीला नीट पोचत नाही, म्हणून रेंज फुल आणि नेट ठप्प. दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते. २.४ ला ९-१० वर आणा, एकाआड एक एपीचा २.४ रेडिओ बंदच करा, ५ गिगाहर्ट्झ १५-१६ वर, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच, ८० च्या मोहात पडू नका. १, २, ५.५, ११ एमबीपीएस हे जुने, हळू डेटा रेट बंद करा, मग फोन लांबच्या एपीला चिकटून बसत नाही. नंतर खोल्यांचं दार लावून, पलंगावर बसून, फोनवर रीडिंग घ्या, ५ गिगाहर्ट्झवर साधारण उणे ६५ ते ६७ डीबीएम मिळालं तर झालं. दारात उभं राहून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही.

आयपीशीही याचा संबंध आहे बरं का, पॉवर जास्त असली की खालच्या ग्राउंडवरून जाणाऱ्या पोरांचे खिशातले फोनपण हॉस्टेलला लागतात आणि आयपी खातात.

लॅबवाला_कराड
खूप आभार दोघांचे. लीज १२ तास केला, नाव एकच केलं, पॉवर रविवारी करतो. पूल /२२ (/२४ च्या चौपट) केला तर १९२.१६८.१० ते १९२.१६८.१३ मिळेल ना? आणि दुसऱ्या मजल्यावरच्या रेक्टर ऑफिसचा प्रिंटर १९२.१६८.१०.२० वर फिक्स आहे.

पिंगमास्तर
नाही, ८ ते ११ मिळेल, /२२ चारच्या पाढ्यात सुरू होतो. म्हणून आधी बघा की ८, ९, ११ कॅम्पसवर दुसऱ्या कोणाकडे नाहीत ना. एकूण १०२२ पत्ते होतील. विंडोजवर चालू स्कोपचा (सर्व्हर वाटतो त्या पत्त्यांच्या पट्ट्याचा) मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) बदलता येत नाही, स्कोप काढून नवीन करावा लागतो, तो करताना कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन (पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का ते तपासणं) १ करून ठेवा, म्हणजे कोणाकडे चालू असलेला आयपी सर्व्हर दुसऱ्याला देणार नाही. गेटवेवरचा (नेटवर्कमधून बाहेर नेणाऱ्या राउटरवरचा) मास्कही त्याच वेळी २५५.२५५.२५२.० करा. प्रिंटरचा पत्ता एक्सक्लूजनमध्ये (सर्व्हरने वाटायचे नाहीत त्या पत्त्यांत) टाका आणि मास्क प्रिंटरवर जाऊन हाताने बदला, नाहीतर ९ मधल्या लॅपटॉपवरून प्रिंट अडू शकतं. सवड मिळाली की प्रिंटर आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर) न्या, पोरांच्या नेटवर्कमध्ये त्यांचं काही काम नाही.