प्ले थेरपी नीट शिकायची आहे, वर्कशॉप पुरेल का?

फोंड्याची_काउन्सेलर
नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात फोंडा तालुक्यात शाळांमधे काउन्सेलर आहे, एमए सायकॉलॉजी झालंय, चार वर्षं काम करतेय. नववी-दहावीची पोरं दार लावलं की आपणहून बोलायला लागतात, पण पहिली-दुसरीतलं मूल समोर बसलं की माझं शिक्षण तिथेच संपतं. "काय झालं बाळा, सांग ना" म्हटलं की खाली बघतं नाहीतर "कांय ना" म्हणून गप्प. मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्या टेबलावरच्या पेनांचीच माणसं करून खेळायला लागली, मोठं पेन छोट्याला सारखं डब्यात कोंडत होतं, आणि मी नेमका त्याच वेळी प्रश्न विचारला, "हे मोठं पेन म्हणजे कोण गं?" झालं. तिने सगळी पेनं गोळा करून डब्यात ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली. ते अजून मनातून जात नाही. प्ले थेरपीचं, म्हणजे मुलाला बोलण्याऐवजी खेळातून मन मोकळं करू देण्याच्या पद्धतीचं, दोन दिवसांचं एक ऑनलाइन वर्कशॉप केलं, त्यात खेळण्यांची यादी मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, बस. मास्टर्सच्या पातळीवर हे कसं शिकवतात? कुणी केलंय का?

डिचोलीची_लेक
ताई, मी अमेरिकेत काउन्सेलिंगचं मास्टर्स केलं, त्यात प्ले थेरपीचे पेपर घेतले होते. पेनांचं वाचून गलबललं, कारण माझंही अगदी तेच झालं होतं. आधी थिअरी असते, व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ मधे मांडलेली आठ तत्त्वं, त्यांचं सार असं की मूल पुढे, आपण मागे, आणि घाई नाही. हे वाचून कळतं पण हातात येत नाही. हातात येतं ते प्रॅक्टिकममधे, म्हणजे देखरेखीखाली मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करताना. एका बाजूने दिसणाऱ्या काचेपलीकडे सुपरवायझर आणि वर्गातले बाकीचे बसलेले, व्हिडिओ चालू, आणि आत तू आणि मूल. नंतर तोच व्हिडिओ सगळ्यांसमोर थांबवून थांबवून बघायचा. पहिल्या टेपमधे मी दहा मिनिटांत चौदा प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येक प्रश्नाला मुलाचा हात खेळण्यावरून उठत होता, ते मला आत असताना दिसलंच नव्हतं. सुपरवायझर फक्त म्हणाल्या, परत बघ, आता आवाज बंद करून.

मग प्रश्नाऐवजी जे दिसतंय ते बोलायला शिकवतात. "मोठ्याने छोट्याला आत टाकलं. आता झाकण लावलं." एवढंच. ते पेन आहे की बाबा आहे की बाई, हे मूल ठरवणार, आपण नाव द्यायचं नाही. लिमिट लावायलाही असंच घोटून घेतात: आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. "तुला खूप राग आलाय, पण वाळू माझ्या अंगावर टाकायची नाही, त्या बादलीत टाकता येईल." वाचायला सोपं आहे, पण मूठभर वाळू डोळ्यासमोर आली की तोंडातून "ए, नको!" हेच येतं.

तिथल्या असोसिएशन फॉर प्ले थेरपीचं आरपीटी (रजिस्टर्ड प्ले थेरपिस्ट) हवं तर मास्टर्स आणि राज्याचं लायसन्स लागतं, त्यावर १५० तासांचं शिक्षण, ३५० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम आणि ३५ तास सुपरव्हिजन. स्कूल काउन्सेलरांसाठी वेगळं क्रेडेन्शियलही आहे. इथे बसून ते मिळवणं अवघड, पण आकडे लक्षात ठेव, दोन दिवसांत काय होत नाही ते त्यावरून कळतं.

पेडण्याचो_दादा
मी पेडण्याकडे स्पेशल एज्युकेटर आहे, वरचं सगळं पटलं, इथलं थोडं सांगतो. आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या) यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, प्ले थेरपिस्ट म्हणून वेगळी नोंद नाही, त्यामुळे कोर्सवाला "मान्यताप्राप्त" म्हणाला तर कुणाची मान्यता ते आधी विचारा, आणि लगेच दुसरा प्रश्न, माझे व्हिडिओ कोण बघणार आणि किती वेळा. याचं सरळ उत्तर नसेल तर पैसे भरू नका.

दुसरं भाषेचं. कोर्स इंग्लिशमधे, आपण विचार मराठीत करणार आणि मूल बाहुलीला ओरडणार कोंकणीत. मी सुरुवातीला इंग्लिश वाक्याचं मराठी करून म्हणायचो, "तू रागावल्यासारखा दिसतोस", मूल माझ्याकडे असं बघायचं की मास्तर धडा वाचतोय. "राग आयलो मरे तुका" म्हटलं तसं मान हलली. ही वाक्यं आपली आपण घरी मोठ्याने म्हणून बसवावी लागतात.

आणि आपला गाव लहान. कोणाचं पोर तुमच्या खोलीत गेलं हे संध्याकाळपर्यंत बाजारात कळतं, तेव्हा व्हिडिओसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या आणि तो मोबाइलमधे ठेवू नका. खेळात अत्याचाराचं काही दिसलं तर तिथे खोदून विचारायचं नाही, पण संशय असला तरी पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ खाली कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, ही गोष्ट खेळण्यांच्या यादीआधी शिकवायला हवी असं माझं ठाम मत आहे.

खेळणी मात्र महाग लागत नाहीत. सावंतवाडीची लाकडी भातुकली, माती, एक परात वाळू, दोन-तीन बाहुल्या, एक गाडी, एक राक्षसासारखा प्राणी.

आई_आणि_शिक्षिका
फक्त एक भर. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६० च्या दशकात पालकांनाच हे शिकवायला सुरुवात केली, फिलियल थेरपी म्हणतात. मी आई म्हणून असं शिकले, आठवड्यातून एकदा अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, आई आज तू ओरडणार नाहीस? शाळेत तुमच्या वाट्याला एवढी मुलं असतात ताई, पालकांचा छोटा गट घेता आला तर बघा.

फोंड्याची_काउन्सेलर
सगळ्यांचे मनापासून आभार, दादांचे दोन प्रश्न वहीत लिहून घेतलेत. एका कोर्सवाल्यांना काल फोन केला, व्हिडिओ कोण बघणार विचारलं तर "ग्रुपवर टाका" म्हणाले, तो सोडला. दुसऱ्या ठिकाणी दर पंधरा दिवसांनी सुपरव्हिजन आहे, नोकरी सांभाळून जमेल असं दिसतंय. ती मुलगी परवा परत आली होती, पेनांचा डबा मी मुद्दाम तिथेच ठेवला होता. तिने परत कोंडलं. मी म्हटलं, "धाकट्याक भितर घालो." तिने वर बघितलं, आणि झाकण थोडं उघडं ठेवलं.