‘इनकॉम्पिटंट’ समितीला मराठीत काय म्हणावं?

गिरगावकर: सोसायटीच्या कमिटीविरुद्ध उपनिबंधकांकडे अर्ज द्यायचाय. इंग्रजी मसुद्यात कमिटीला ‘इनकॉम्पिटंट’ म्हटलंय. मी ‘अक्षम’ लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, अक्षम म्हणजे अधिकारच नसलेला. मग काय लिहू?

पार्लेकरीण: लिफ्ट बंद, टाकी गळकी, हिशेब नाही? ‘गलथान कारभार’. पुढे बोलूच नका.

फोर्टचा वकील: काकांचं अगदीच चूक नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ बघा. सतरा वर्षांचं पोर कितीही चलाख असो, करार करायला इनकॉम्पिटंटच. उलट, ‘सक्षम प्राधिकारी’ हुशार असतो असं थोडंच आहे!

माहीमची: मी हृदयविभागात नर्स आहे. आमच्याकडे झडपही इनकॉम्पिटंट असते. ते वाचून नातेवाईक घाबरतात. ‘झडप नीट मिटत नाही, रक्त मागे येतं’ म्हटलं की कळतं.

परळवाला: कॉम्पिटिशनमध्ये टिकत नाही तो इनकॉम्पिटंट. सोप्पंय.

फोर्टचा वकील: लॅटिन मूळ एकच, पण इथे अर्थ जुळण्याचा, योग्य असण्याचा. स्पर्धा ही वेगळी फांदी.

परळवाला: योग्य नाही तो नालायक. झालं की!

शुद्धमती: फारसी कशाला? ‘अकार्यक्षम’ आहे ना.

पार्लेकरीण: फारसी-अरबी नको तर आधी ‘तक्रार’ आणि ‘अर्ज’ काढा. कोऱ्या कागदावर सह्या करून पाठवा.

शुद्धमती: ‘मेयर’ जाऊन ‘महापौर’ रुजलाच ना? आणि ‘अक्षम’ला ‘य’ जोडला की ‘अक्षम्य’. धातू एकच, क्षम्. कमिटीला दोन्ही लागू.

गिरगावकर: अहो, शुक्रवारी अर्ज द्यायचाय! नालायक लिहिलं तर सेक्रेटरी बदनामीची नोटीस धाडेल.

परळवाला: आमच्या मास्तरांना एकच शब्द पुरायचा, ‘ढ’. ब्राह्मीपासून आजवर अक्षर बदललंच नाही, म्हणून.

फोर्टचा वकील: अक्षर फारसं बदललं नाही, खरंय. पण पोरांना ‘ढ’ म्हणतात ते त्यावरून, हे मागाहून चिकटवलेलं. ब्राह्मी वाचून कोणी शिव्या देत नाही.

माहीमची: सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच आहे. त्यात ‘ढ’ सापडतो का बघायचं?

परळवाला: रविवारी उघडं असतं का?