‘नेदावा’ या हिब्रू शब्दाला मराठीत काय म्हणावे?

बायबलच्या जुन्या करारातील एज्राच्या पुस्तकात, बाबेलच्या बंदिवासातून परतणाऱ्या यहूदी लोकांच्या वृत्तांतात, ‘नेदावा’ (देवासाठी आपण होऊन दिलेले अर्पण) हा शब्द आणि त्याच धातूची क्रियापदे पुन्हा पुन्हा येतात. त्यासाठी ‘देणगी’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते तो चालणार नाही. ‘देणगी’ने दिलेली वस्तू दिसते, पण देणाऱ्याच्या मनात काय झाले ते दिसत नाही आणि ‘नेदावा’चा सगळा भार त्या मनावर आहे.

आधी मूळ संदर्भ पाहू. इ.स.पू. 539 मध्ये पारसिक राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि पुढच्या वर्षी यहूदींना यरुशलेमेस परतून मंदिर बांधण्याची मुभा दिली. त्या फर्मानात (एज्रा 1:4) दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. निघणाऱ्याला त्याच्या ठिकाणच्या लोकांनी चांदी, सोने, सामान आणि जनावरे देऊन मदत करावी ही एक, आणि ‘शिवाय’ देवाच्या मंदिरासाठी नेदावा ही दुसरी. वाटखर्चाची सोय आणि नेदावा यांत मूळ लेखकानेच रेघ ओढली असल्यामुळे आपण दोन्हींना ‘मदत’ म्हणून चालणार नाही. सहाव्या वचनात शेजाऱ्यांनी काय केले ते सांगताना ‘त्यांचे हात बळकट केले’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. तिथे मात्र मराठीला काही शोधावे लागत नाही, कारण आपला ‘हातभार लावणे’ हा वाक्प्रचार जणू त्याच वचनासाठी घडवल्यासारखा बसतो.

‘नेदावा’चा धातू न-द-ब. ‘नादीव’ म्हणजे उदार मनाचा, आणि त्यावरून खानदानी, थोर माणूस. क्रियापद ‘हितनद्देव’ हे आत्मवाचक रूप आहे, म्हणजे कर्ता स्वतःलाच पुढे करतो, आणि म्हणूनच ते वस्तूंपुरते राहत नाही. त्याच काळाचा वृत्तांत देणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकात, 11 व्या अध्यायात, यरुशलेम ओस पडलेले असते, दहांतील एकाने तिथे राहायला जावे म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि जे आपण होऊन जायला तयार झाले त्यांना लोक आशीर्वाद देतात. तिथे क्रियापद हेच आहे. घरदार, शेत सोडून भग्न नगरात राहायला जाणाऱ्याने ‘देणगी दिली’ असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. तो ‘स्वतःहून पुढे झाला’ असेच म्हणेल. आजच्या हिब्रूत ‘मितनद्देव’ म्हणजे स्वयंसेवक, ही त्याच अर्थाची पुढची पायरी आहे. ‘नेदावा’ या नामाला मात्र आजच्या बोलीत भिकाऱ्याला दिलेल्या भिकेचा अर्थ आला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘नवस’ या शब्दापासूनही याला जपून वेगळे ठेवले पाहिजे. हिब्रूत ‘नेदेर’ आणि ‘नेदावा’ ही जोडी अनेकदा बरोबर येते आणि मिश्नाने, म्हणजे यहूदी नियमांच्या प्राचीन संग्रहाने, त्यांतला फरक फार नेमका सांगितला आहे. ‘मी एक होमबली (वेदीवर पूर्ण जाळून अर्पण करायचा पशू) देणे लागतो’ असे म्हटले की तो नेदेर; ‘हा पशू होमबली’ असे म्हटले की ती नेदावा. नेदेराचा पशू मेला किंवा चोरीला गेला तर दुसरा द्यावाच लागतो, नेदावेचा गेला तर देणारा मोकळा. आपल्याकडे नवस ‘फेडतात’, म्हणजे नवस हे ऋण आहे. तेव्हा ‘नेदेर’ला ‘नवस’ अगदी चपखल बसतो. याचे उदाहरण मुंबईतच आहे. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहूदी समाजाचे शमुएल एझिकेल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी 1796 साली ‘शाआर हारहामीम’ हे सिनेगॉग उभारले, असे परंपरा सांगते. बंदिवासातून परतून प्रार्थनास्थान उभारण्याचीच ही गोष्ट असली, तरी शब्दाच्या दृष्टीने ते नेदेर होते, नेदावा नव्हे.

‘वर्गणी’ हा शब्दही सुचवला जाईल, पण त्यात माणशी किंवा घरटी ठरलेला आकडा गृहीत असतो, आणि दिली नाही तर चारचौघांत विचारणाही होते. वर्गणी पाहायची असेल तर ती नहेम्याच्या 10 व्या अध्यायात आहे: लोकांनी मंदिराच्या सेवेसाठी दरसाल एक तृतीयांश शेकेल (चांदीचे एक वजन) देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र घराण्यांचे प्रमुख मंदिराच्या जागेपाशी पोहोचतात आणि स्वखुशीने देतात. तिथला ‘केखोहाम’ हा शब्द, म्हणजे ‘आपापल्या शक्तीप्रमाणे’, मराठीने ‘यथाशक्ती’च्या रूपात जसाच्या तसा जपला आहे. परतलेल्या 42,360 लोकांमधून 61,000 सुवर्णनाणी, 5,000 माने (‘माने’ हे वजनाचे माप) चांदी आणि याजकांसाठी 100 झगे जमल्याची नोंद तिथे आहे. नहेम्याच्या सातव्या अध्यायातल्या यादीत आकडे वेगळे आहेत, पण तिथे आणखी एक गोष्ट कळते. प्रांताधिकाऱ्याने 1,000 सुवर्णनाणी दिली, प्रमुखांनी 20,000 आणि ‘उरलेल्या लोकांनी’ही 20,000. ज्यांची नावेही लिहिली गेली नाहीत त्यांनी प्रमुखांच्या बरोबरीने दिले, आणि त्यातही 67 झगे होते. स्वखुशीने दिले म्हणजे हिशेब सैल, असेही नव्हते. पुढे एज्रा हा याजक स्वतः बाबेलहून निघतो तेव्हा ‘हे चांदी-सोने परमेश्वराची नेदावा आहे’ असे बजावून ते याजकांच्या हाती तोलून देतो, आणि यरुशलेमेत चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलून, मोजून वजन लिहून ठेवले जाते.

आता ज्या अर्थामुळे मला हा शब्द इतका मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. नेदावा माणसाचीच असते असे नाही. 68 व्या स्तोत्रात देव आपल्या थकलेल्या वतनावर ‘नेदावोतचा पाऊस’ (‘नेदावोत’ हे ‘नेदावा’चे अनेकवचन) पाडतो. होशेयाच्या 14 व्या अध्यायात देव म्हणतो की मी त्यांच्यावर नेदावेने, म्हणजे त्यांची लायकी न पाहता, प्रेम करीन. मनुष्य मंदिराला देतो त्यालाही हाच शब्द आणि देव शेताला देतो त्यालाही हाच. एज्राच्या आरंभी हे आणखी एका क्रियापदाने बांधले आहे: देवाने कोरेशाचा आत्मा ‘जागवला’ (1:1), आणि ज्यांचा आत्मा देवाने ‘जागवला’ ते निघाले (1:5). बादशहा आणि निर्वासित यांना एकच क्रियापद लावले आहे. परतल्यानंतरच्या काळात लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (29:14) दावीदाच्या तोंडी हा विचार उघडपणे येतो: आम्ही असे स्वखुशीने देऊ शकावे असे आम्ही कोण? सर्व तुझ्यापासूनच आहे आणि तुझ्या हातचेच आम्ही तुला दिले. देणे स्वेच्छेचे, पण ती इच्छा आणि ती वस्तू दोन्ही आधी मिळालेल्या. ‘स्वेच्छादान’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मला तो कोरडा वाटतो तो याच कारणाने. त्यात ‘स्व’ फार आहे आणि आनंद नाही.

म्हणून नामासाठी ‘खुशीचे अर्पण’ आणि क्रियापदासाठी ‘स्वखुशीने देणे’ किंवा, माणूसच स्वतःला देत असेल तिथे, ‘स्वतःहून पुढे होणे’ असे मी सुचवतो. ‘खुशी’ फारसीतून आलेला असला तरी ‘राजीखुशीने’ म्हणणाऱ्या मराठीत तो घरचाच आहे, आणि दडपणाचा अभाव व मनाचा आनंद हे दोन्ही अर्थ तो एकदम देतो. एज्रा 1:6 मी असे लिहीन: ‘आसपासच्या सर्वांनी चांदीची भांडी, सोने, सामान, जनावरे आणि मौल्यवान जिन्नस देऊन त्यांना हातभार लावला, खुशीने अर्पण केलेले ते सारे याहून वेगळे.’

स्तोत्रातला पाऊस मात्र या शब्दांत मावत नाही. ‘उदंड पाऊस’ म्हटले तर देणारा हरवतो, ‘खुशीचा पाऊस’ म्हटले तर पाऊसच हसरा होतो. तूर्त मी तिथे ‘सढळ हाताने पाऊस पाडलास’ असे ठेवले आहे, कारण एज्रातल्या ‘हातभारा’तला हात निदान त्यात राहतो.