पॅनेल बंद व्हायच्या आत सांगा: महागड्या केबल्स घ्याव्यात की नाही?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. बैठकीच्या खोलीचं काम चालू आहे. टीव्हीमागे लाकडी पॅनेल बसणार आहे आणि सुतार बजावून गेलाय की वायरी काय टाकायच्या त्या आधी टाकून घ्या, नंतर पॅनेल उघडणार नाही. सामान असं आहे: ४के टीव्ही, एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा), पाच स्पीकर, एक सबवूफर (बासचा स्पीकर). रिसीव्हर टीव्हीच्या खालीच, त्यामुळे तिथे दोन मीटरची एचडीएमआय (चित्र-आवाज नेणारी केबल) पुरेल. मागचे दोन स्पीकर मात्र भिंतीच्या कडेकडेने वळसा घालून जातात, प्रत्येकी १२ मीटर तार लागेल. मुलाचा गेमिंग कन्सोल पलीकडच्या कपाटात ठेवायचं घाटतंय, तिथून टीव्हीपर्यंत ८ मीटर.

दुकानदाराने ज्या केबल्स पुढ्यात ठेवल्या त्यांना सोन्याचा मुलामा, 'ऑक्सिजनमुक्त तांबं', वर विणलेलं जाड कापडी आवरण आणि अंगावर बाणसुद्धा! सगळ्यांची बेरीज केली तर रिसीव्हरच्या किमतीला जाऊन भिडते. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. "एवढा टीव्ही घेतलात आणि आता केबलवर हात आखडता?" असं तो म्हणाला की मला काही सुचत नाही. महाग एचडीएमआयने चित्र खरंच सुधारतं का? स्पीकरच्या तारेने आवाज बदलतो का? आणि तो बाण कशासाठी? जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

साधासुधा:
टीव्हीवर दुकानदाराला सहसा फारसं सुटत नाही, केबलवर सुटतं. बाकी ओहम येतीलच सांगायला.

ओहम:
आलोच. आधी एचडीएमआय. तिच्यातून जातात ते आकडे. ते पलीकडे जसेच्या तसे पोचले की चित्र तेच, केबल कुठलीही असो. रंग जरा गडद झाले, काळा अधिक काळा दिसला, असं केबलमुळे होत नाही. केबल कमी पडली तर ते डोळ्यांत भरतं: पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं-येतं किंवा मुळात येतच नाही.

याचा अर्थ हाताला लागेल ती उचला असा नाही. केबलची वेगाची पात्रता बघा. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. सिनेमा आणि सेकंदाला ६० फ्रेमचं नेहमीचं ४के १८ मध्ये बसतं. कन्सोलवर ४के १२० फ्रेम हवं असेल तर ४८ वालीच घ्या. अल्ट्राच्या खोक्यावर प्रमाणपत्राचं लेबल असतं, त्यावरचा कोड फोनच्या ॲपने तपासता येतो. नुसतं '२.१ केबल' छापलेलं बघून भुलू नका, प्रमाणपत्र केबलच्या या वर्गाला मिळतं, आवृत्तीच्या आकड्याला नाही. दोन मीटरसाठी लेबलवाली जी सगळ्यात स्वस्त मिळेल ती घ्या आणि विषय संपवा.

आठ मीटरचं गणित वेगळं. एवढ्या वेगाला साधी तांब्याची केबल काही मीटरपुढे ढेपाळते. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय लागते. ती महाग असते आणि तिथे जास्तीचे पैसे द्यायला कारण आहे. तिच्यावरचा बाणही खरा असतो: एक टोक यंत्राकडे, दुसरं टीव्हीकडे, उलटी लावली तर काहीच दिसणार नाही. पॅनेल ठोकण्याआधी जोडून, १२० फ्रेम लावून अर्धा तास चालवून बघा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा पूर्ण वेग चालू आहे ना तेही बघा. बऱ्याच टीव्हींवर तो आधी बंद असतो आणि दोष मात्र बिचाऱ्या केबलला मिळतो.

एक गंमत. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा बघत असाल तर चित्र टीव्ही आणि रिसीव्हरमधल्या त्या दोन मीटरच्या केबलमधून जातच नाही. ई-आर्कवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून उलट पाठवायची सोय) रिसीव्हरकडे जातो तो फक्त आवाज. म्हणजे ज्या केबलने चित्र उजळेल असं तुम्हाला सांगितलं, तिचा त्या चित्राशी संबंधच नाही.

कानसेन:
आकड्यांचं मान्य. पण स्पीकरची तार ॲनालॉग असते, तिच्यातून आकडे नाही तर आवाजाची लहरच जाते, तिथे प्रत्येक गोष्ट आवाजात उतरते. मी माझ्याकडच्या तारा बदलल्या तेव्हा तंबोरा सुटा ऐकू यायला लागला, गायिका दोन पावलं पुढे आल्यासारखी वाटली. सगळं मोजपट्टीवर घेणाऱ्यांनी कधी निवांत बसून ऐकावंही.

ओहम:
कानसेनराव, ॲनालॉग आहे म्हणून तर मोजणं सोपं. १२ मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरची तार असेल तर तिचा रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण ०.१७ ओहम, १.५ ची असेल तर ०.२८. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार ०.८ च्या पुढे जाते. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत तारेचा रोध ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ती मर्यादा ०.४, ४ ओहमच्या स्पीकरला ०.२. त्यामुळे उंबरठा, सरसकट २.५ टाका, दोन्हीकडे चालेल. बारीक तारेने आवाज बदलतो हे खरंच आहे, पण त्यावर उपाय जाडी. जाडी पुरेशी झाली की नाव कुठलं छापलंय याने काही होत नाही.

बाकी विशेषणं. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्के जास्त वाहक आहे, तेवढं तर किंचित जाड तांब्याने भरून निघतं. सोनं तांब्यापेक्षा कमी वाहक, ते फक्त गंजत नाही म्हणून टोकाला लावतात, आणि तो पातळ मुलामा स्वस्त केबललाही असतो. स्पीकरच्या साध्या तारेवरच्या बाणाला काही अर्थ नाही, त्यातला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. तपासायचं असेल तर तांबं अस्सल आहे का ते तपासा. वरून तांब्याचा थर आणि आत ॲल्युमिनियम अशा तारा सर्रास विकल्या जातात, त्यांचा रोध दीडपटीहून जास्त भरतो. एक धागा ब्लेडने खरवडला की आतलं चंदेरी ॲल्युमिनियम दिसतं.

तंबोऱ्याबद्दल: तुम्हाला तसं ऐकू आलं यात मला शंका नाही. पण कुठली तार लागली आहे हे आधीच ठाऊक असताना कान नितळ राहत नाहीत. शिवाय आवाज किंचितसा मोठा झाला तरी तो 'जास्त स्पष्ट' वाटतो. दुसऱ्या कुणालातरी तारा बदलायला सांगा आणि आता कुठली आहे ते ओळखा. अचाट दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये महागडी आणि साधी स्पीकर केबल ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा शेवटी झालीच नाही, त्यामुळे तिच्यावरून निकाल काढत नाही. पण तुमच्या घरी ती फुकटात होईल.

खटपट्या:
सुताराला आजच सांगा: केबल नुसती आत गाडायची नाही, पाइप टाकायचा. एचडीएमआयचं डोकं दोनेक सेंटिमीटर रुंद असतं, तेव्हा पाइप ऐसपैस घ्या, काटकोनात वळवू नका आणि आत एक दोरी सोडून ठेवा. पुढच्या केबलला तीच ओढून नेईल. ऑप्टिकल केबल डोक्याला धरून ओढू नका, घट्ट वाकवू नका. विजेच्या वायरीपासून हातभर अंतर, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. सबवूफरला आवरणवाली साधी कोॲक्स केबल पुरते. तिथे घूं-घूं ऐकू आली तर महाग केबल आणायला धावू नका, बहुतेक वेळा भानगड अर्थिंगच्या चक्रात (यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेली की होणाऱ्या घोळात) असते.

आणि कन्सोल एवढ्या लांब का? कंट्रोलर बिनतारी असतो. बंद कपाटात कन्सोल तापेलही.

उंबरठा:
लांब ठेवायचं कारण धाकटी. दिसेल त्या बटणावर तिचं बोट असतं. पण खटपट्या, पटलं. टीव्हीखालच्या कप्प्याला जाळीचं दार करून घेतो आणि कन्सोल तिथेच आणतो, म्हणजे ऑप्टिकलचा खर्चच टळला. पाइप मात्र टाकून ठेवतो.

शेवटची शंका: २.५ ची तार बघून आलो, पण तिला लाल-काळं नाही. दोन्ही पदर सारखेच पारदर्शक, फक्त एकावर बारीक पांढरी रेघ आहे. चालेल?

खटपट्या:
चालेल. रेघवाला पदर कायम लालला लावायचा असं ठरवा, रिसीव्हरकडेही आणि स्पीकरकडेही. एखाद्या स्पीकरला उलटं लागलं तर काही जळत नाही, पण बास पातळ होतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळेनासं होतं. तारा पाइपात घालण्याआधी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून 'मागचा डावा', 'मागचा उजवा' लिहा. आणि टोकाला मीटरभर तार जास्तीची सोडा, स्पीकरची जागा हमखास बदलते.