ड्राफ्टचे पिक साठवायचे की वापरायचे?

आइस हॉकीच्या NHL लीगमध्ये पडत्या संघाच्या चाहत्यांचा सल्ला ठरलेला: "म्हातारे सगळे विका, पिक (म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचे हक्क) जमवा आणि पाच वर्षं गप्प बसा". हे अर्धंच पटलं. आपल्या सॅन होजे शार्क्सचंच बघा. मार्च 2024 मध्ये आपला लाडका खेळाडू हर्टल वेगासच्या संघाला गेला तेव्हा मीही शिव्या घातल्या होत्या. त्याची 48 नंबरची जर्सी अजून कपाटात आहे, टाकवत नाही. त्याचा 17 टक्के पगार आपणच भरायचा आणि हाती काय, तर एडस्ट्रॉम नावाचा स्वीडिश पोरगा आणि 2025 चा पहिल्या फेरीचा पिक. पण त्याच ऑगस्टमध्ये तो पोरगा, तो पिक आणि वर क्रोना हा गोलरक्षक नॅशव्हिलला देऊन तरुण गोलरक्षक अस्कारोव्ह आणला. पिक लोणच्यासारखे मुरत ठेवायचे नसतात.

बचावपटू वॉलमनचा सौदा तर मला त्याहून आवडतो. जून 2024 मध्ये डेट्रॉइटला पगाराचं ओझं उतरवायचं होतं. त्यांनी आपल्याला वॉलमन दिला, वर दुसऱ्या फेरीचा पिकही! म्हणजे भाजी फुकट आणि कोथिंबीरही. नऊ महिन्यांत एडमंटनने त्याच गड्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजला (अटी होत्या, मान्य). हे जमलं कारण आपल्या कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा मोकळी होती.

आणि "अर्धा पगार आपण भरू, मग कुणीही घेईल" म्हणणाऱ्यांनो, असे करार एका वेळी तीनच ठेवता येतात. दुसरीकडे दिलेल्या बर्न्स, कार्लसन, हर्टल यांच्यात आपले तिन्ही अडकले होते. पुढचा बकरा सुचवताना तेवढं मोजा.