सीडी ठणठणीत आहे, आवाजच तसा आहे

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा एक काळोखा, मुद्दाम खरखरीत ठेवलेला प्रकार) बँडच्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चा आवाज इतका खरखरीत येतो, सीडी खराब निघाली का, असं एकाने विचारलंय. नाही हो! १९९४चा हा अल्बम बँडचा ड्रमर फेनरिझने साध्या फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर (ज्यावर जेमतेम चार वेगळे ट्रॅक मावतात) ध्वनिमुद्रित केला. गिटार, बास, ड्रम्स सगळं त्याचंच; त्याचा जोडीदार नॉक्टर्नो कुल्टो फक्त गातो (त्याला गाणं म्हणायचं असेल तर). यांना नीट ध्वनिमुद्रण जमत नव्हतं असंही नाही. बँडचा १९९१चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला होता, चांगला घोटीव डेथ मेटल (हेवी मेटलचाच दुसरा एक प्रकार). ते सोडून मुद्दाम या खरखरीत आवाजाकडे आले.

त्यामुळे इक्वलायझरशी झटापट करू नका. बास वाढवून हाती काही लागत नाही. ड्रम्सचा एकच ठेका न थांबता चालतो, त्यावर गिटारचे मोजके सूर फिरून फिरून येतात. दोन-तीन गाणी तसंच ऐकत राहिलात की त्या खरखरीतून चाल वर येते, आणि ती चक्क सुरेल आहे.

एक मात्र सांगायलाच हवं. आठपैकी चार गाण्यांचे शब्द व्हार्ग विकर्नेस या दुसऱ्या एका नॉर्वेजियन ब्लॅक मेटल संगीतकाराचे आहेत, ज्याला त्याच वर्षी खुनाबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. ते माहीत असूनच काय ते ठरवा.

अगदीच झेपत नसेल तर आधी त्यांचाच १९९२चा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' लावून बघा.