बाळाच्या मेंदूसाठी कूलिंग : टोपी की गादी? मदत हवी आहे

आमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जन्मतः गुदमरलेल्या बाळांसाठी कूलिंग, म्हणजे मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून बाळाला ठरावीक काळ थंड ठेवणं, सुरू करायचं घाटतंय. थंड पाण्याची टोपी घातली तर गुदाशयाचं तापमान 34.5 अंशांच्या आसपास ठेवतात, अख्खं शरीर थंड केलं तर 33.5. दोन्हीत जन्मापासून 6 तासांच्या आत सुरुवात, मग 72 तास. टोपीखाली ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या) तारा लावणं म्हणजे कसरतच, म्हणून माझा कल पीसीएम गादीकडे (ठरावीक तापमानाला वितळताना उष्णता शोषणाऱ्या पदार्थाची गादी). तिला सतत वीजही लागत नाही. पण 2021 च्या हेलिक्स या वैद्यकीय चाचणीत भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या बाळांत कूलिंगने मृत्यू वाढलेले दिसले (आणि तिथे तर यंत्र गादीसारखं नव्हे, स्वतःच तापमान सांभाळणारं होतं!), तेव्हापासून आमचे सर बिचकतात.

गादी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा : पुन्हा ऊब देताना ताशी अर्ध्या अंशाचा वेग कसा राखता? आणि हेलिक्सनंतर कुठल्या बाळांना कूलिंग देता, कुठल्यांना नाही?